उसंत नसलेल्यांचा व्यायाम

परभणीहून परळी-वैजनाथकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गंगाखेडच्या अलीकडे एक लहानसे स्थानक लागते. त्याच्या नावात गावाबरोबर देवाचेही नाव आहे : पोखर्णी नृसिंह. मराठवाड्यातील कित्येक घराण्यांचे हे कुलदैवत. मंदिर जुन्या दगडी बांधणीचे आहे. परंतु एकदा दर्शन घेऊन आलेल्या माणसाच्या स्मरणात विशेषेकरून राहते ते गाभाऱ्याचे द्वार. ते इतके ठेंगणे व इतके अरुंद आहे की, एका वेळी एकच मनुष्य, आणि तोही पुरता वाकून, आत जाऊ शकतो. अधिकारी असो, सावकार असो, शेतमजूर असो, तेथे प्रत्येकाची पाठ वाकते. वाकण्याचा निश्चय कोणी घरून करून येत नाही. वाटच तशी बांधलेली आहे.

माझ्या आजच्या भाषणाचा विषय देवस्थान हा नसून व्यायाम हा आहे. तरीही ह्या द्वारापासून आरंभ करण्याचे कारण असे की, व्यायामाविषयी आपण ज्या एका प्रश्नाने गांजलो आहोत त्याचे उत्तर मला ह्या दारात दिसते. प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यायाम चांगला, हे कोणास सांगावे लागत नाही. तो सुरू करणारेही पुष्कळ असतात. परंतु कामाची गर्दी झाली, परीक्षा आली, घरात आजारपण आले, कचेरीत वर्षअखेरीचा हिशेब आला की, पहिला बळी व्यायामाचा जातो. आणि गर्दी ओसरल्यावर तो परत येत नाही. अशा आरंभशूरांस आपण आळशी म्हणतो, आणि ते स्वतःसही तसेच म्हणवून घेतात. परंतु आपल्या मुलखाचा व्यायामाचा इतिहास पाहिला तर हा निवाडा बरोबर वाटत नाही. ज्यांचा व्यायाम टिकला त्यांस वेळ अधिक होता असे नाही, आणि त्यांचा उत्साह रोज ताजा होता असेही नाही. त्यांनी वाट अशी बांधली होती की तीवरून जाताना वाकावेच लागे. हे म्हणणे कितपत खरे, ते आता पाहू.

ह्या चर्चेस आज निकड आहे ती नुसत्या शरीरसौष्ठवाची नव्हे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतातील प्रौढ माणसांपैकी जवळजवळ निम्म्या माणसांच्या शरीरास पुरेशी हालचाल घडत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण शेकडा सुमारे ४२, तर स्त्रियांत सुमारे ५७ होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेही माणसांची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. ह्या दहा कोटींत सर्वांचाच रोग बैठ्या जीवनातून आला असे नाही. वंशपरंपरा आहे, आहार आहे, वय आहे. तथापि हालचालीचा अभाव हे त्यांतील असे एक कारण आहे की, ज्यावर मनुष्याची काही सत्ता चालते.

प्रथम शास्त्राकडे वळू. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत व्यायाम हा दिनचर्येच्या प्रकरणात येतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. उठणे, दंतधावन, अभ्यंग, व्यायाम, स्नान अशी ती माळ आहे. व्यायाम हा स्वतंत्र पराक्रम मानलेला नाही. तो माळेतील एक मणी आहे आणि त्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या मण्यांनी तो जागेवर धरलेला आहे. वाग्भटाने तर त्याचे मापही घालून दिले : हिवाळ्यात व वसंतात, बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही कमी. दमछाक होईपर्यंत श्रम करणाऱ्यास कोणकोणते विकार जडतात, त्यांची यादीही त्याने दिली आहे. म्हणजे ऋतू प्रतिकूल झाला की व्यायाम सोडावा असे शास्त्र सांगत नाही. तो आखडता घ्यावा असे सांगते.

ह्याहून मार्मिक आहे ती चरकाने सांगितलेली सवय बदलण्याची रीत. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम टाकू नये आणि हितकर गोष्ट एकदम पुरती धरू नये. चतुर्थांश टाकावे, चतुर्थांश घ्यावे, मध्ये काही दिवस स्थिर राहावे, मग पुढचा चतुर्थांश, असा तो पादांशिक क्रम आहे. आपल्याकडे नववर्षाच्या पहिल्या दिवशी पहाटे चारला उठून तासभर धावण्याचा संकल्प सोडणारे जे आरंभशूर आहेत, त्यांच्यासाठीच जणू हा नियम लिहिलेला आहे.

आता शास्त्राकडून व्यवहाराकडे येऊ. बाराव्या शतकात मराठवाड्याचा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्या घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे एक प्रकरण आहे. त्यात पहिलवानांच्या मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत : वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातील सलिलश्रम, खांबावरील स्तंभश्रम. हा शेवटचा प्रकार म्हणजे आपल्या मल्लखांबाचा सर्वांत जुना उल्लेख असे मानतात. परंतु ह्या मल्लांस राजवाड्यातून अन्न मिळे. मेहनत हाच त्यांचा व्यवसाय होता. ज्याचे पोट व्यायामावर चालते त्यास व्यायामास वेळ कसा काढावा हा प्रश्न पडत नाही. आपला प्रश्न पडतो तो ज्याचे पोट दुसऱ्या कशावर तरी चालते त्यास.

अशा सामान्य माणसापर्यंत व्यायाम नेण्याचे मोठे कार्य सतराव्या शतकात झाले, आणि त्याचे श्रेय परंपरेने समर्थ रामदासांस दिले जाते. समर्थांचा जन्म १६०८ साली गोदावरीच्या खोऱ्यातील जांब येथे झाला. हे गाव आज जालना जिल्ह्यात मोडते, म्हणजे पोखर्णीच्या माणसास ते परके नव्हे. नाशिकजवळ टाकळी येथे तपश्चर्या करताना ते रोज बाराशे नमस्कार घालीत, अशी परंपरा आहे. हा आकडा आपल्या कामाचा नाही. आपल्या कामाची गोष्ट आहे ती त्यांनी स्थापिलेल्या मारुतींची. बलोपासनेस मारुतीचे अधिष्ठान मिळाले आणि मारुतीच्या शेजारी तालीम असा जोड महाराष्ट्रात गावोगावी दिसू लागला. ह्या जोडणीत मोठा व्यवहारी शहाणपणा आहे. मारुतीच्या दर्शनास मनुष्य जाणारच होता. तालीम त्याच्या वाटेवर आली. तेथे लाल माती होती, जोड्या होत्या आणि मुख्य म्हणजे वाट पाहणारा जोडीदार होता. एकट्याने घरी जोर काढणारा एखाद्या दिवशी अंथरुणात पडून राहिला तर कोणास कळत नाही. तालमीत मात्र न आलेल्याची चौकशी होते. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर ह्यांनी मल्लखांबास नवे रूप दिले आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने तो दूरवर नेला, तोही ह्याच वस्ताद-शागीर्दाच्या नात्याच्या बळावर.

एकोणिसाव्या शतकात ही घडी विसकटली. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. मागोमाग भोंगा आला, आगगाडीचे वेळापत्रक आले, शाळेची घंटा आली, कचेरीचे ठरावीक तास आले. सूर्यावर चालणारा दिवस घड्याळावर चालू लागला. इंग्रजी शिकलेला कारकून तालमीपासून दुरावला. त्यास तेथे जाण्याची लाज वाटू लागली आणि वेळही उरला नाही. शिकलेल्या पिढीची प्रकृती खालावत आहे, ही तक्रार त्या काळापासून ऐकू येते. ती मनाशी घेऊन एका तरुणाने काय केले हे सर्वश्रुत आहे. बाळ गंगाधर टिळक हे डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. त्यांनी पहिले वर्ष अभ्यासास रजा देऊन शरीर कमावण्यात घालविले आणि त्या वर्षी परीक्षेवर पाणी सोडले. पुढे १९०८ ते १९१४ ह्या काळातील मंडालेचा तुरुंगवास सोसण्यास ती शिदोरी त्यांच्या उपयोगी पडली, असे त्यांचे चरित्रकार मानतात. हे उदाहरण तेजस्वी आहे. परंतु एक संबंध वर्ष शरीरासाठी वेगळे काढणे ही गोष्ट किती जणांस परवडेल? ज्याच्यावर घर चालते त्यास वर्ष तर सोडाच, सलग तासही मिळत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात ह्या अडचणीवर संस्थांच्या रूपाने उपाय शोधला गेला. बडोद्यात प्रोफेसर माणिकराव ह्यांनी व्यायामशिक्षणास शिस्त दिली. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. ह्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविली. १९२४ साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले ह्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले, आणि त्याच साली माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद ह्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाच्या क्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. ब्रिटिश मुलखातील शहरांत अशी जागृती होत असता परभणीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे आखाडा काढण्यावर सरकारी निर्बंध होते. १९३८-३९ च्या सत्याग्रहाच्या वेळी ज्या तक्रारी पुढे आल्या त्यांत हीही एक होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य भारतात सामील झाले तेव्हा हा अडसर निघाला. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आखाड्यास परवानगी लागे. आपल्या अंगणात नमस्कार घालण्यास ती लागत नव्हती. ज्या व्यायामास जागा, उपकरण व संमती ह्यांची गरज नाही, तो संकटात तग धरतो.

नेमके हेच सूत्र घेऊन सातारा जिल्ह्यातील एका लहान संस्थानाच्या अधिपतीने अर्धे आयुष्य वेचले. औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांचा जन्म १८६८ चा. १९०९ साली ते गादीवर आले. राज्यकारभार, चित्रकला, कीर्तन, ग्रंथलेखन, वस्तुसंग्रहालयाची उभारणी अशा अनेक व्यापांत ते गुंतलेले असत. १९३९ साली त्यांनी प्रजेस स्वराज्याची घटना दिली. असा मनुष्य रिकामटेकडा होता असे कोणी म्हणणार नाही. तरुणपणी शरीर सुटत चालले म्हणून त्यांनी त्या काळी जगभर गाजलेल्या सँडोची पद्धत धरली, त्याची पुस्तके व साधने आणविली आणि सुमारे दहा वर्षे ती नेटाने चालविली. १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्याने ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि अखेरपर्यंत तो नेम त्यांनी सोडला नाही.

त्यांनी बदल का केला ह्याचा विचार केला म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. सँडोच्या पद्धतीत दोष होता असे नव्हे. तिने त्यांस दहा वर्षे लाभच दिला होता. परंतु तीस साधने लागत. प्रवासास निघाले की साधने मागे राहणार. सूर्यनमस्कारास माणसाच्या लांबीएवढी जमीन पुरते. तो सकाळच्या उपासनेशी आधीच जोडलेला आहे. दहा अवस्थांचा एक फेरा. त्यामुळे ज्यास पाच मिनिटे आहेत त्याने पाच मिनिटांचे घालावेत, ज्यास अर्धा तास आहे त्याने अर्ध्या तासाचे. मोजदाद सोपी, म्हणून काल किती घातले व आज किती, हे लपत नाही. राजेसाहेबांनी तो संस्थानाच्या शाळांत सक्तीचा केला आणि स्वतःच्या घरापासून आरंभ केला. त्यांच्या राणीसाहेबही तो नित्य करीत. लंडनच्या वृत्तपत्रसृष्टीतील लुईस मॉर्गन ह्या बाईंनी ही हकीकत ऐकून ती इंग्लंडात पोचविली, आणि त्यांनी संपादित केलेले राजेसाहेबांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघाले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही औंधासच वेदग्रंथांच्या संपादनाच्या अफाट कामात बुडालेले असताना आसने व सूर्यनमस्कार ह्यांवर लिहीत होते व त्यांचा प्रचार करीत होते. त्यांनी वयाची शंभरी ओलांडली. दीर्घायुष्याचा सगळा हवाला व्यायामावर देणे शास्त्रास धरून होणार नाही; पण व्यापात असलेला मनुष्य नेम पाळू शकतो, एवढी साक्ष ह्यातून निश्चित मिळते.

औंधच्या कथेस एक दुसरी बाजूही आहे आणि ती झाकणे योग्य नव्हे. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजाज्ञा संपली. आज्ञेचे आयुष्य राज्याएवढेच असते. शाळेच्या मैदानावर सक्तीने घातलेला नमस्कार शाळा सुटली की सुटण्याचा संभव मोठा. घरच्या अंगणात, वडील माणसाच्या शेजारी उभे राहून घातलेला नमस्कार अंगात मुरतो. व्यायाम टिकविण्यास सक्ती पुरत नाही. त्यास घरात जागा लागते.

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे. त्यांनी अंगमेहनतीची कोणतीही पद्धत काढली नाही. त्यांचा व्यायाम म्हणजे त्यांचे काम. कोकणातील मुरुडहून परीक्षेस बसण्यासाठी ते मुलगेपणी साताऱ्यापर्यंत डोंगर ओलांडून पायी गेले होते. १९०० साली त्यांचा अनाथबालिकाश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. दिवसाचे अध्यापन आटोपले की ते आश्रमासाठी लागणारे सामान घेऊन सुमारे चार मैल चालत हिंगण्यास जात आणि सकाळी परत येत. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असे. त्यांस जर कोणी विचारले असते की, एवढ्या व्यापात आपण व्यायामास वेळ कसा काढता, तर ह्या प्रश्नाचा त्यांस अर्थबोधही कदाचित झाला नसता. वेळ निराळा काढलेलाच नव्हता. १८५८ साली जन्मलेले कर्वे १९६२ साली निवर्तले. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांस भारतरत्न हा सन्मान मिळाला.

कर्व्यांच्या ह्या चालण्यामागील तत्त्वाची शास्त्रीय तपासणी पुढे लंडनमध्ये झाली. डॉक्टर जेरी मॉरिस ह्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटे देण्यासाठी जिना चढत-उतरत असे, दिवसाकाठी काहीशे पायऱ्या. नोकरी एकाच कंपनीची, रस्ते तेच. तरीही हृदयविकाराचे प्रमाण चालकांत अधिक व वाहकांत कमी आढळले. चालकांची निवडच मुळात स्थूल माणसांतून होते की काय, अशी शंका त्यावर घेण्यात आली व तिचाही शोध घेतला गेला. परंतु मूळचा निष्कर्ष पुढील अनेक पाहण्यांनी दृढच केला. त्या वाहकांपैकी कोणी व्यायामाचा संकल्प सोडलेला नव्हता. जिना त्यांच्या कामाच्या वाटेवर होता, इतकेच.

येथे स्त्रियांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. पोखर्णीच्या पलीकडे गोदाकाठी गंगाखेड आहे; ते संत जनाबाईंचे गाव. दळणकांडण करता करता नामस्मरण करणाऱ्या जनाबाईंची मूर्ती प्रत्येक मराठी घरास परिचित आहे. कामाच्या रगाड्यातच नेम बसविणे ह्याचे ह्याहून थोर उदाहरण सापडणार नाही. परंतु त्यावरून स्त्रीस निराळा व्यायाम नको, घरकाम पुरे, असा जो निष्कर्ष काढला जातो तो आज खरा ठरत नाही. जाते गेले, विहीर गेली, उखळ गेले. श्रम घटले, पण कामाचे तास घटले नाहीत. स्वयंपाकघरात उभे राहून जाणारा दिवस थकवा आणतो, बळ देत नाही. आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीस कचेरी व घर अशा दोन पाळ्या भराव्या लागतात. शेकडा ५७ ह्या आकड्यामागे आळस शोधणाऱ्याने प्रथम घरातील कामाची वाटणी पाहावी. औंधच्या राणीसाहेबांस नमस्कार घालावयास मिळाले त्यास त्यांची निष्ठा कारण होतीच. पण त्या वेळी दुसरे कोणी तरी चूल सांभाळीत होते, हेही विसरू नये. कुटुंबातील एकाने व्यायाम करणे व सर्वांनी त्यास वाट करून देणे, ही दोन्ही कामे एकाच नेमाची अंगे आहेत.

संगतीचे महत्त्व वर तालमीच्या प्रसंगाने सांगितले. आपल्या मुलखात त्याचे सर्वांत मोठे प्रत्यंतर म्हणजे वारी. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपुरास निघते तेव्हा ती परभणी, गंगाखेड, परळी ह्या मार्गाने जाते. सुमारे एक महिन्याची ही पायपीट पेरणीच्या ऐन दिवसांत पडते. शेतकऱ्यास ह्याहून गर्दीचा काळ नसेल. तरीही माणसे निघतात, कारण तिथी ठरलेली आहे, दिंडी ठरलेली आहे, मुक्काम ठरलेले आहेत आणि शेजारचा मनुष्य चालत आहे. एकट्यास नेमून दिले असते तर जे अंतर अशक्य वाटले असते, ते समुदायात साठीच्या बायाही चालून जातात. वारी वर्षातून एकदा येते, म्हणून ती रोजच्या व्यायामाची जागा घेऊ शकत नाही. पण तिची युक्ती रोजच्या दहा घरांच्या गल्लीत वापरता येते.

अलीकडच्या संशोधनाने ह्या जुन्या अनुभवास चांगला दुजोरा दिला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी ह्यांनी ९६ माणसांवर एक प्रयोग केला. तो २००९-१० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक लहान गोष्ट निवडावयाची आणि ती रोज एका ठरावीक प्रसंगानंतर करावयाची, उदाहरणार्थ न्याहारीनंतर चालणे. ती गोष्ट आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास अवघे १८, तर काहींच्या बाबतीत हिशेबाने २५४ पर्यंत. म्हणजे एकवीस दिवसांत सवय जडते ही प्रचलित समजूत फार आशावादी आहे. ह्याच प्रयोगातील दुसरा निष्कर्ष अधिक धीर देणारा आहे : मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय जडण्याच्या क्रमास म्हणण्यासारखा धक्का बसला नाही. आपल्याकडे नेम मोडला की तो 'खंडित' झाला असे मानून पुष्कळ लोक त्यास कायमचा निरोप देतात. चुकलेल्या दिवसाने जेवढी हानी होत नाही तेवढी ह्या समजुतीने होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचे माप सांगितले, आणि ती मिनिटे एकसलगच असली पाहिजेत ही अट ठेवली नाही. दीडशे मिनिटांस सात दिवसांनी भागले तर रोजची बावीस मिनिटेही पुरती होत नाहीत. तीही दोन-तीन हप्त्यांत देता येतात.

ह्या सर्व इतिहासाचे तात्पर्य काढावयाचे तर ते असे. व्यायाम नव्या तासावर उभा करू नये. जो प्रसंग दिवसात चुकत नाही त्याच्या गळ्यात तो बांधावा. स्नानापूर्वी नमस्कार, जेवणानंतर शतपावली, कचेरीच्या अलीकडच्या थांब्यावर उतरून पायी जाणे, हे त्याचे प्रकार. त्याचे माप गर्दीच्या दिवसासही पेलेल इतके लहान ठरवावे. फुरसतीच्या दिवशी ते वाढविता येते, परंतु फुरसतीच्या दिवशी ठरविलेले मोठे माप गर्दीच्या दिवशी पेलत नाही. परीक्षा, पेरणी, लग्नसराई, आजारपण अशा काळी व्यायाम पाव करावा, शून्य करू नये. जोडीस कोणी तरी घ्यावे, मग तो शेजारी असो, पत्नी असो वा नातू असो. आणि खंड पडला तर प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याच्या फंदात न पडता नेहमीचे माप नेहमीच्या वेळी पुन्हा धरावे. ज्यांस हृदयाचा, सांध्यांचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी मात्र आपल्या वैद्याचा सल्ला घेऊनच माप ठरवावे.

ह्यात नवे काही नाही, असे काही श्रोते म्हणतील आणि ते खरेच आहे. चरकाचा चतुर्थांश, वाग्भटाची अर्धी शक्ती, मारुतीशेजारची तालीम, औंधचा नमस्कार, हिंगण्याची वाट, ह्या सर्वांत एकच सूत्र निरनिराळ्या काळी निरनिराळ्या माणसांस गवसले आहे. त्यांपैकी बहुतेकांस आपल्याहून कमी साधने होती आणि आपल्याइतकीच कामे होती. टिळकांसारखा एक वर्षाचा त्याग करण्याचे सामर्थ्य थोड्यांपाशी असते. पण रोजची वीस मिनिटे वाटेत ठेवून देण्याचे सामर्थ्य कारकुनापाशी आहे, शिक्षिकेपाशी आहे, दुकानदारापाशी आहे. उद्या सकाळी आपल्या घरात कोणता प्रसंग हटकून घडणार आहे, एवढेच आज रात्री पाहून ठेवावे आणि त्याच्या शेजारी व्यायामास जागा करून द्यावी.